गिरजाबाईच्या पाठीमागचा कॅमेरा

हमरापुरात गिरजाबाईला कोणी विचारलं, "काय गो, बरी हायस ना?" तर ती आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघणार, मग त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघणार, आणि मग म्हणणार, "का? तुला कोणी काय सांगितलं?" स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार! लग्नानंतर नवऱ्याने, म्हणजे गोविंदाने, पेणच्या बाजारातून एकदा गजरा आणला, तर हिने अबोला धरला. कारण काय, तर हा माणूस उगाच गजरा आणणाऱ्यातला नाही, तेव्हा याने नक्की काहीतरी करून ठेवलंय. गोविंदा जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण त्या गजऱ्याचा उलगडा तिला अजून झालेला नाही.

आणि अशा बाईच्या घरात पोटच्या पोराने कॅमेरा बसवला. काय म्हणावं त्या पोराला, तुम्हीच सांगा!

झालं असं, की माघ महिन्यात गिरजाबाईला कामाच्या शेडच्या पायरीवर चक्कर आली. फार काही नव्हतं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती खाली बसली, एवढंच. पण शेजारच्या ठमाबाईने "गिरजी गेली गो!" म्हणून असा काही गळा काढला की अर्धा गाव जमा झाला. अर्धा गाव जमा झाल्यावर रोह्याला फोन जाणारच. तिचा एकुलता एक मुलगा निकेश रोह्याला केमिकलच्या कंपनीत आहे आणि तिथेच जवळ वरसेला फ्लॅट घेऊन राहतो. तो शिफ्ट सोडून धावत आला, येऊन बघतो तर आई ओट्यावर बसून चहात बटर बुडवतेय. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडल्यावर माणूस जसा चिडतो तसा तो चिडला.

"आई, आता बस झालं. एक तर माझ्याबरोबर वरसेला चल, नाहीतर मी इथे कॅमेरा लावतो."

"कॅमेरा? मी काय चोर हाय?"

"चोर नाहीस. पण पडलीस-झडलीस तर मला कळायला नको?"

वरसेला जाणं म्हणजे काय, हे गिरजाबाईला पुरतं ठाऊक होतं. सून मृणाली सकाळी म्हणणार, आई, तुम्ही बसा. दुपारी म्हणणार, आई, तुम्ही पडा. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून देणार. आणि डोळे? डोळे कोणाचे आखायचे त्या गॅलरीत बसून?

कारण गिरजाबाई गणपतीचे डोळे आखते. गावातले मोठे मूर्तिवाले दाजी, त्यांच्या कारखान्यातून रंग देऊन झालेल्या मूर्ती टेम्पोने तिच्या शेडमध्ये येतात. पितांबर, दागिने, सोंड, सगळं झालेलं असतं, फक्त डोळ्यांच्या जागी कोरं. मग ही सकाळी आंघोळ करून बसते. भुवई, पापणीची रेघ, आत बुबुळ, आणि बुबुळात तो पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की गणपती बघायला लागतो. ते होईपर्यंत ती कोणाशी बोलत नाही, ठमाबाईशीसुद्धा नाही, आणि ठमाबाईशी न बोलणं किती अवघड असतं ते हमरापुराला विचारा. गोविंदा होता तेव्हा साचे, माती, रंग, सगळंच घरात होतं. तो गेल्यावर बाकीचं सुटत गेलं, आखणी तेवढी राहिली. ती सुटली की आपल्यात काही उरणार नाही, असं तिला मनापासून वाटायचं.

तेव्हा तिने कॅमेरा पत्करला.

शिमग्याच्या आधी तो शेडच्या खांबावर चढला. हापूस आंब्याएवढा पांढरा गोळा, मधोमध काळी काच. निकेशने मोबाईलवर काहीतरी केलं आणि तो गोळा घर्र करून मान वळवून गिरजाबाईकडे बघायला लागला. ती डावीकडे सरकली. तो डावीकडे वळला. ती मोठ्या मूर्तीच्या आड गेली. तो थांबला, आणि ती बाहेर येताच पुन्हा तिच्याकडे वळला.

"अगो बाई! ह्याला कसं कळतं मी कुठं हाय ते?"

"त्याला माणूस ओळखता येतो, आई. माणूस हलला की तो बघतो, आणि माझ्या मोबाईलवर घंटी वाजते."

"आणि ऐकतो पण?"

"ऐकतो. बोलतो पण. मी तिकडून बोललो की तुला इथे ऐकू येईल."

पण गिरजाबाईच्या मनात जी पाल चुकचुकली ती काही केल्या गप्प बसेना. शिवाय हमरापुरात लाईटचं काय चाललेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. दिवसातून जाते, येते, जाते. लाईट आली की तो गोळा चारी दिशांना मान फिरवून घ्यायचा आणि आतून एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलायची. निकेश म्हणाला, तो आवाज भरलेलाच असतो, तशी बाई कोणी नसते. बाई नसते तर बोलते कोण? बरं, बोलते ती इंग्रजीत का बोलते? घरच्या माणसाला कळू नये म्हणूनच ना!

पहिला महिनाभर निकेशचा आवाज रोज यायचा. "आई, जेवलीस का?" "आई, पंखा लाव, किती घामाघूम झालीस." एकदा गिरजाबाईने परीक्षा घ्यायची ठरवली. रंग पुसायचं फडकं काठीला लावलं आणि हळूच त्या गोळ्यावर टाकलं. फडकं नीट बसतंय न बसतंय तोच आतून आवाज आला, "आई, सगळं काळं दिसतंय, काय झालं?" गिरजाबाई अशी दचकली की काठी हातातून पडली. त्या दिवसापासून तिची खात्रीच पटली, की हा पोरगा चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बसलाय. कंपनीत काम कधी करतो देव जाणे.

मग बाईचं वागणंच बदललं. कामाला जुनं लुगडं नेसायची ती आता बरं पातळ नेसून बसू लागली. मशेरी लावायला खांबाच्या मागे जाऊ लागली, कारण मशेरी सोडल्याची शपथ तिने निकेशच्या डोक्यावर हात ठेवून घेतली होती. टेम्पोवाल्याने मूर्तीचा कान उडवला तर पूर्वी तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आता म्हणायची, "राहू दे हो, होतं असं," आणि तो बिचारा घाबरून तिच्याकडे बघत राहायचा. ठमाबाई गप्पा मारायला आली आणि मृणालीचं नाव निघालं की गिरजाबाई मोठ्याने म्हणायची, "माझी सून म्हणजे सोनं हो, सोनं!" आणि डोळ्यांनी खुणावायची, वर बघ. ठमाबाई वर बघायची आणि म्हणायची, "पत्रा गळतोय काय गो?"

इतकं सगळं जमलं असतं. पण एक गोष्ट होती जी तिने ठमाबाईलाही सांगितली नव्हती. तिचा उजवा हात थरथरू लागला होता.

थंडीत सुरू झालं ते. आधी तिला वाटलं गारठ्यामुळे असेल. मग गारठा गेला, थरथर राहिली. पितांबराच्या काठाला चालून जाते, पण बुबुळाला? तिने त्यातूनही वाट काढली. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरायचं, कोपर गुडघ्यावर टेकायचं, श्वास रोखायचा, आणि थरथर जरा थांबली की त्या फटीत ठिपका ठेवून मोकळं व्हायचं. एका डोळ्याला पूर्वी लागायचा त्याच्या तिप्पट वेळ. पण डोळा उतरायचा, अगदी पूर्वीसारखा. आता हे त्या काळ्या काचेतून निकेशला दिसलं म्हणजे संपलंच सगळं. तो शेडला कुलूप लावणार आणि हिला रिक्षात घालणार.

म्हणून एका सकाळी तिने जागा बदलली. कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली. हात दिसायला नको, तोंड दिसायला नको, दिसू दे काय ती पाठ. आता ती तशी बसली म्हणजे तिच्यासमोरच्या मूर्तींची तोंडं आपसूक कॅमेऱ्याकडे झाली. तेवढ्यावरही तिचं समाधान होईना. डोळे आखून झालेले सगळे गणपती तिने फळ्यांवर रांगेने मांडले, एकाच्या वर एक फळी, सगळ्यांची तोंडं खांबाकडे. म्हणजे कोणी बघायचंच म्हटलं तर आधी गणपती बघावेत, मग गिरजाबाई. झाला बंदोबस्त!

आणि तो बंदोबस्त लागू पडावा तसंच झालं. हळूहळू निकेशचा आवाज कमी होत गेला. रोजचा दोन दिवसांनी, दोन दिवसांचा आठवड्याने, आणि वैशाखात तर बंदच पडला. रविवारी साधा फोन यायचा तेवढाच. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, बरं झालं, सुटले. गिरजाबाई काय म्हणाली? म्हणाली, "आता गपचूप बघतोय. बोललं की मी सावध होते ना, म्हणून बोलत नाय." गोळा तर अजूनही मान वळवत होता, निळा दिवा लुकलुकत होता. मग बघणारा असणारच की.

आषाढ लागला. दाजींची मोठी मूर्ती आली होती, उंच, मंडळाची. गिरजाबाई स्टुलावर उभी राहून डावा डोळा आखत होती. ठिपका ठेवायला म्हणून पुढे झुकली आणि ओल्या कोब्यावरून स्टुलाचा पाय सरकला. बाई कमरेवर आपटली ती मूर्तीच्या पाटापाशी. कळ अशी गेली की तोंडातून आवाजसुद्धा फुटेना.

आणि घर्र झालं. गोळ्याने मान वळवली होती. निळा दिवा तिच्यावर रोखलेला.

दुसरं कोणी असतं तर हात वर करून ओरडलं असतं, "अरे निकेश, पडले रे!" त्याचसाठी तर बसवला होता तो कॅमेरा. पण गिरजाबाईला त्या घटकेला एकच दिसलं, वरसेची गॅलरी आणि तिथली खुर्ची. तिने दातांवर दात धरले, बाजूला पडलेला ब्रश उचलला, आणि तशीच कुशीवर पडल्या पडल्या गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदराला नखं काढायला लागली. तोंडावर हसू आणलं. जसं काही उंदराची नखं काढायला माणूस असं आडवंच होतं, हीच रीत आहे! डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिने पदराने असं टिपलं की घामच वाटावा. उंदराला नखं झाली, मग मिशा झाल्या, मग पुन्हा नखं. वेळ किती गेला कोण जाणे, तिला तर दिवस सरला असंच वाटलं.

ठमाबाई ताक घेऊन आली तेव्हा ही तशीच आडवी.

"गिरजे, उंदराला नखं किती काढतेस गो? पंज्यात मावत नायत ती."

"हळू बोल मेले. मला उठता येत नाय."

"म्हंजे पडलीस तू?"

"हळू! वरून बघतोय तो. मला उठव, पण हसत हसत उठव. आपली गंमत चाललीय असं दाखव."

"हसू कसं गो? तुझं तोंड बघून मला रडू येतंय."

"हस म्हणते ना, रांडे!"

मग दोघी म्हाताऱ्या हसत हसत उठल्या. ठमाबाईने काखेत हात घालून तिला उचललं तेव्हा गिरजाबाईच्या तोंडून निघालेली किंकाळी सुद्धा तिने हसण्यावारी नेली. ताक सगळं सांडलं. गोळा ते सगळं मान वळवून वळवून बघत होता.

पुढचे दिवस गिरजाबाईने विव्हळणंसुद्धा गोधडीत तोंड खुपसून काढलं. आणि मग एक दिवस पेणला येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर मृणालीने पिशवी पाठवली. पिशवीत काय? कमरेला लावायचं तेल आणि शेकायची रबरी पिशवी. वर फोन. "आई, तेल कोमट करून लावा हं. आणि स्टुलावर नका चढू सध्या."

गिरजाबाईचे डोळे पांढरे झाले. स्टूल! हिला स्टूल कसं कळलं? म्हणजे बघितलं. दोघांनी बसून बघितलं. आणि निकेश चिडून आला कसा नाही? पडली म्हटल्यावर जो माणूस शिफ्ट सोडून धावतो, तो गप्प का? गप्प आहे म्हणजे आत काहीतरी शिजतंय. त्यातच मृणाली बोलता बोलता म्हणून गेली, "आतली खोली रंगवून घेतलीय हो, आता प्रतीक्षाच्या वाढदिवसाला याल तेव्हा बघालच." झालं, सगळा उलगडा झाला! नातीचा वाढदिवस हे निमित्त. म्हातारीला गोडीगुलाबीने वरसेला आणायचं आणि परत पाठवायचंच नाही.

जावं की न जावं? न जावं तर त्यांना वाटणार, हिला चालवत नाही. जावं तर सापळ्यात पाय. शेवटी तिने ठरवलं, जायचं, टणटण चालून दाखवायचं, वाढदिवसाची पुरी खायची आणि दुसऱ्या गाडीने परत. पेण स्टेशनचा जिना तिने कठड्याला धरून, दर पायरीला एक शिवी देत चढला, आणि रोह्याला उतरल्यावर मात्र निकेश दिसताच नवरीसारखी ताठ चालायला लागली.

घरी गेल्या गेल्या तिने खोली बघितली. पिवळा रंग, नवा पलंग, पलंगाशेजारी छोटं टेबल, टेबलावर देवाची तसबीर. कोणासाठी म्हणून विचारायची गरज नव्हती. पलंगावर बसायला मृणालीने उशी सरकवली तर ही म्हणाली, "मी खालीच बरी," आणि बसली, पण बसताना कमरेने जो हिसका दिला तो गिळताना तिचा चेहरा हिरवा-निळा झाला. चहा तिने कपाला दोन्ही हात लावून प्यायला. निकेश कंपनीचा डबा धूत होता. त्याने बघितलं की नाही, कोणास ठाऊक.

वाढदिवस झाला, केक झाला, पोर झोपेला आलं. तेव्हा गिरजाबाईने डाव टाकला. आपला हात किती दिसतो हे तिला एकदा बघायचंच होतं.

"निकेश, मला बघायचंय रे, आपली शेड मोबाईलवर कशी दिसते ती."

निकेशचा हात थांबला. "आता कशाला आई? रेंज नसते इथे."

"एवढा केकचा फोटो सगळ्या गावाला पाठवलास, तेव्हा रेंज होती."

त्याने मोबाईल काढला. बोटं फिरवली. कॅमेऱ्याचं ॲप म्हणालं, आधी नवं करून घ्या. नवं करायला घेतलं तर चक्र फिरत बसलं. ते झालं तर पासवर्ड मागायला लागलं. पासवर्ड घातला, चुकला. पुन्हा घातला, पुन्हा चुकला. मग म्हणालं, नंबर पाठवतो तो टाका, आणि नंबर गेला निकेशच्या जुन्या सिमवर, जे कधीच बंद पडलं होतं. निकेशच्या कपाळावर घाम आला. गिरजाबाई त्या घामाकडे बघत होती. बेरकीच बाई ती!

"रोज उघडणाऱ्याला पासवर्ड आठवत नाय?"

शेवटी मृणालीच म्हणाली, "सांगून टाका ना त्यांना."

"आई, ते मी बंद केलंय," निकेश म्हणाला. "म्हणजे कॅमेरा चालूच आहे, पण माझ्या मोबाईलवरचं बंद केलंय. वैशाखातच."

"का?"

"का म्हणजे! तूच सगळ्या गणपतींची तोंडं कॅमेऱ्याकडे करून ठेवलीस. बिनडोळ्यांच्या मूर्तीला ते काही म्हणत नाही, पण तू एकदा डोळे आखलेस की त्याला तो माणूसच वाटतो. पंख्याने फडकं हललं की घंटी. ऊन सरकलं की घंटी. माणूस दिसला, माणूस दिसला, माणूस दिसला! झोपू देईना ते. कंपनीत मोबाईल गेटवर ठेवावा लागतो, शिफ्ट सुटली की बघतो तर घंट्यांची रास पडलेली. त्यात तू कुठे शोधायची? वैतागून बंद केलं एक दिवस. म्हटलं, चालू करू नंतर. ते राहिलंच."

आता खरं म्हणजे गिरजाबाईने पेढे वाटायला हवे होते. कोणी बघत नव्हतं! मशेरी कोणी बघितली नव्हती, हात कोणी बघितला नव्हता. पण तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला की ती कमर विसरून उभी राहिली.

"म्हणजे तू बघत नव्हतास? मी तिकडं कोब्यावर पडलेली, कंबर मोडून, उंदराला नखं काढत होते रे तुझ्यासाठी! हसत होते तुझ्यासाठी! आणि तू बघतच नव्हतास?"

जे लपवायला तिने जिवाचं रान केलं, ते तिनेच भर वाढदिवसात ओरडून सांगितलं होतं.

"पडलीस? कधी?" निकेशचा आवाज चढला. "बस झालं आता. खोली तयार आहे, तू इथून जायचं नाहीस. शेडला कुलूप."

"कुलूप लावून बघ, हात मोडीन."

"पडल्या ते मला माहीत होतं," मृणाली म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे बघितलं.

"ठमाकाकूंनी त्याच दिवशी फोन केला होता मला. स्टुलावरून पडल्या म्हणाल्या. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले हाड ठीक असणार, चालतायत तर शेका. तुम्हाला नाही सांगितलं," ती निकेशला म्हणाली, "कारण सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी त्यांना उचलून आणलं असतं. आणि आणल्यावर त्या इथे काय करणार होत्या? माझ्या तोंडाकडे बघत बसणार?"

गिरजाबाईला पहिला राग आला तो ठमाबाईचा. चहाडखोर मेली! घरी गेल्यावर बघतेच तिला. पण सुनेचं काय करावं ते तिला कळेना. इतकी वर्षं जिच्यावर डोळा ठेवला, जी गोड बोलली की हिने मनात गाठ मारली, ती आज आपल्याच बाजूला उभी होती. यातही हिचा काही डाव असेल का, म्हणून तिने नेहमीप्रमाणे शोधून बघितलं. फार शोधलं. सापडलं नाही, आणि डोळे मात्र भरून आले.

"मी जाणार," ती शेवटी म्हणाली. "मोठी मूर्ती नाय करणार, स्टुलावर चढणार नाय. बसून होतील तेवढ्याच. गणपती भिंतीकडे तोंड करून ठेवीन. कॅमेरा राहू दे. पण तो हिच्या मोबाईलवर लावून दे."

"हिच्या? आणि माझ्या?"

"तुझ्यावर नको."

"आई, मी मुलगा आहे तुझा."

"व्हय. म्हणूनच घाबरून मी हसत होते ना. तुझ्या भीतीनं मला खोटं वागावं लागतं रे. हिला निदान पडलेली माणसं पडलेली दिसतात."

निकेश ताडकन उठून गॅलरीत गेला. मृणाली त्याच्यामागे जायला निघाली तर गिरजाबाईने तिचा हात धरला. "जाऊ दे गो त्याला. लागलंय त्याला. मलापण लागलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच तिला सोडायला रोहा स्टेशनवर आला. फलाटावर बाकड्यावर दोघं बसली, मधे मृणालीने भरून दिलेली पिशवी. गाडीला वेळ होता. गिरजाबाई पदरात हात गुंडाळून, येणारा-जाणारा कोण पिशवीकडे बघतोय ते बघत होती.

"आये," निकेश म्हणाला. लहानपणी म्हणायचा तसं. "काल चहा पिताना दोन्ही हात लावलेस कपाला."

"गरम होता."

"हात दाखव."

"काय बघायचंय हातात?"

"दाखव ना."

तिने त्याच्याकडे बघितलं. आता हा काय करणार, रिक्षा परत बोलावणार, की गाडीत चढूच देणार नाही? पण तो तसा बसला नव्हता. शाळेतून आल्यावर पायात काटा रुतला असला की बसायचा, तसा बसला होता. गिरजाबाईने पदर बाजूला केला आणि उजवा हात पिशवीवर ठेवला. मनगट धरलं नाही, श्वास रोखला नाही. हात थरथरत राहिला, पिशवीतला डबा खाली वाजत राहिला.

निकेशने बघितलं. मग तो एकदम दुसरीकडे वळला, पेणच्या बाजूला.

"गाडी आली," तो म्हणाला.

रुळांवर दूरपर्यंत काहीही नव्हतं.